पुढे-मागे पंधरा दिवस

डॉक्टरांनी बाळंतपणाची तारीख दिली आणि घरी आल्या आल्या सासूबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. दूध कधी नासलं इथपासून मुलगा कधी गेला, कधी आला इथपर्यंत सगळं त्या त्यावर लिहितात. बोटांची पेरं मोजत मागे मागे गेल्या आणि एका पानावर थांबल्या.

"अगं, हा अख्खा महिना तर तो जहाजावर होता!"

"आई, दिवस पाळीपासून मोजतात. थोडं इकडेतिकडे होतं," मी म्हटलं.

"पुढे-मागे पंधरा दिवस धरले तरी तो समुद्रातच आहे. तीन बाळंतपणं झालीत माझी, मला काय दुधखुळी समजतेस?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो मोबाईल चाळत होता.



जहाजावर जाण्याआधी लॅबमध्ये नमुना देऊन तोच म्हणाला होता, "टेस्ट ट्यूबचं आईला कळता कामा नये. दोष माझ्यात आहे, हे तिला सहन होणार नाही. तुला माझी शपथ."