अजून वैध नाही

"पाचला भंगारवाल्याचा टेम्पो येतोय, बाई. तोवर तुमचं ते लिनक्स अपडेट झालं तर ठीक, नाहीतर सगळे कॉम्प्युटर जातील," हेडसर दारातूनच म्हणाले आणि निघून गेले. शाळेतल्या पोरींना हात लावायला एवढेच बारा कॉम्प्युटर होते.

मी तिसऱ्यांदा अपडेटची कमांड दिली. तिसऱ्यांदा तेच उत्तर आलं: रिपॉझिटरीची, म्हणजे जिथून अपडेट उतरतं तिथली, फाइल अजून वैध झालेली नाही. सर्व्हर बदलून झाला होता, इंटरनेटची वायर काढून घालून झाली होती. अजून वैध नाही म्हणजे काय, मुहूर्त काढायचाय का मेल्याला?

"बाई, ह्यात तारीख..." मागे फडकं घेऊन उभे असलेले शिपाई नागेशमामा म्हणाले.

"मामा, तुम्ही धूळ पुसा. ह्यातलं तुम्हाला काय कळतंय?"

ते हलले नाहीत. "स्क्रीनच्या कोपऱ्यात दोन हजार दहा साल दिसतंय. रोज संध्याकाळी मेन स्विच पाडतो ना मी."

मशीनच्या आतला, घड्याळ चालवणारा सेल मेला होता. वीज तोडली की घड्याळ मागे जायचं, आणि आजची फाइल त्याला कित्येक वर्षं पुढची वाटायची. मी तारीख बदलली. अपडेट धडाधड उतरायला लागलं.

सव्वाचार वाजले होते आणि अकरा मशीन बाकी होती. मी शेजारची खुर्ची ओढली.

"बसा मामा. पासवर्ड सांगते, ह्याची तारीख तुम्ही बदला."

त्यांनी हात पँटला पुसले. "मी?"

"तारीख मला दिसली होती का? बसा."