किल्ली

आमच्या शिलाई कारखान्यातल्या ताई गेल्या आणि त्याच आठवड्यात बायकांच्या बाथरूमला पुन्हा कुलूप लागलं. पूर्वीही किल्ली साहेबांच्या टेबलावर असायची. सगळ्यांदेखत हात पसरून मागावी लागायची. मला सातवा महिना असताना साहेबांनी मुद्दाम ताटकळत ठेवलं. तेव्हा ताई मशीन थांबवून उठल्या आणि माझ्यामागे हात पसरून उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे एकेक करत सगळ्या शिवणाऱ्या. त्या संध्याकाळी कुलूप निघालं. आज शोकसभेत तेच साहेब डोळे पुसत म्हणाले, "ताई म्हणजे आपल्या कारखान्याचा आधारस्तंभ!" मी उठले. भर सभेत त्यांच्यासमोर जाऊन हात पसरला. "साहेब, किल्ली द्या." "अक्कल आहे का?" ते दबक्या आवाजात खेकसले. "इथे श्रद्धांजली चाललीय!" "हो, मीही तीच वाहतेय." माझ्यामागे खुर्च्या सरकू लागल्या.