चौथा दगड

कोणती मोजणी हवी, असं विचारलं तेव्हाच कैनाडच्या पुष्पानं मोजणीवाल्या साहेबांना ठणकावून सांगितलं होतं, "पोटहिस्सा नको, हद्द कायम करा. परकं माणूस आत येता कामा नये."

भर दुपारी तीन कोपऱ्यांवर दगड रोवून झाले. चौथ्याला चुना फासताना तिच्या पदरालाही बोटभर लागला.

"बाय, शेवटचा दगड रोवताना मालकानं आत थांबू नये," बारक्या नावाचा शेजारचा म्हातारा बांधापलीकडून कळवळून म्हणाला. "बाहेर ये."

"माझ्याच जमिनीतनं मी कशाला बाहेर येऊ, काका?" पुष्पा हसली, आणि शेताच्या मधोमध उभं राहूनच तिनं दगड ठोकून घेतला.

साहेब सहीचे कागद काढून बांधापलीकडच्या झाडाखाली बसले. पुष्पा पदर खोचून तिकडं निघाली. वाटेतला चौथा दगड वीस पावलांवर होता. ती वीस पावलं चालली. दगड वीस पावलांवरच होता.

ऊन लागलं असेल, म्हणून तिनं मोठ्यानं मोजत पुन्हा पावलं टाकली. मग ती धावली. पायाखाली ढेकळं फुटत होती, छाती धपापत होती, आणि दगड तेवढाच लांब.

"काका!" ती जिवाच्या आकांतानं ओरडली. बारक्यानं मानही वळवली नाही.

तो झाडाखाली बघत होता. तिथं पदराला बोटभर चुना लागलेली एक बाई वाकून पुष्पाच्या नावापुढे सही करत होती.

"बरं झालं, बाय," बारक्या तिला म्हणाला, "वेळेवर बाहेर आलीस."