पाणी कुठं मुरतंय

दामूने रेडिएटरचं झाकण काढून आत बोट घातलं. बोट कोरडंच बाहेर आलं.

काल संध्याकाळी त्याने स्वतःच्या हाताने काठोकाठ पाणी भरलं होतं. तेव्हापासून गाडी चिंचणीच्या कमलाकांतशेठच्या वाडीतल्या शेडमधून हललीसुद्धा नव्हती. खालच्या सारवलेल्या जमिनीवर ओलीचा ठिपका नव्हता. दामू म्हणजे बोईसरचा नावाजलेला मिस्त्री, पण या सत्तावन्न सालच्या मोटारीने त्याला आठ दिवसांत रडकुंडीला आणलं होतं. त्याने होज पाइप बदलले, वॉटर पंप बदलला, हेड उघडून गॅस्केट नवं घातलं. चोर सोडून संन्याशाला सुळी देणं चाललं होतं. चोर काही सापडत नव्हता.

"एकनाथ, कुठंतरी पाणी मुरतंय," तो म्हणाला. "पण कुठं, ते कळत नाय."

ड्रायव्हर एकनाथने रिकाम्या रेडिएटरात डोकावून पाहिलं. मालकांची लेक हंसा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मूल आडवं होतं आणि डॉक्टरांनी कळा सुरू होताच पालघरला आणायला बजावलं होतं. गाडीने वाटेत दगा दिला तर? याच रस्त्यावर एकदा तो दिलाच होता.

गेल्या वैशाखात मालकांच्या, कमलाकांतशेठच्या, छातीत कळ आली. घरात दुसरं कुणी नव्हतं. एकनाथने त्यांना मागच्या गादीवर आडवं केलं आणि गाडी पालघरकडे सोडली. बोईसरच्या पुढे पाइप फाटला आणि इंजिन उकळलं. आजूबाजूला ना घर, ना विहीर. एकनाथने पाइपाला चिंधी आवळली. तांब्यात तेवढं शेवटचं पाणी होतं.

"एकनाथ, पाणी," मागून शेठ म्हणाले.

एकनाथने ते रेडिएटरात ओतलं. गाडी पोचली, शेठ पोचले नाहीत. मरणाऱ्याच्या तोंडचं पाणी आपण इंजिनाला पाजलं, हे त्याने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं.

दामूने आता शेवटचा उपाय काढला. शेठच्या पत्नी चंद्रकांतावहिनींकडून वाटीभर हळद मागून घेतली, स्वतःच पाण्यात कालवली आणि रेडिएटरात ओतली. "बारीक भोक असंल तर हळदीनं बुजंल. नाय बुजलं तर पाणी जिथनं जाईल तिथं पिवळं उमटंल. आता सुटत नाय ते!"

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिएटर पुन्हा रिकामा. दामू गाडीखाली शिरला, पाइप न् पाइप पुसून बघितला. पिवळा डाग कुठेच नव्हता. तो हात झटकत बाहेर आला तेव्हा वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. एकनाथने कप घ्यायला हात पुढे केले.

दोन्ही तळवे पिवळेजर्द होते.

"अरे," दामू त्याचे तळवे निरखत म्हणाला, "हळद तर मी घातली. तू हात नाय लावलास."

एकनाथ स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. ते त्याला दुसऱ्याच कुणाचे वाटले.

"एकनाथभाऊ, तुमी रोज पहाटे झोपेतच उठता," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "रेडिएटरची खालची तोटी सोडून तांब्या भरता. गाडीचं मागचं दार उघडता आणि म्हणता, 'शेठ, पाणी घ्या. तवा चुकलं माझं.' पाणी संपेपर्यंत खेपा घालता. मला बोलायचा धीर झाला नाय."

शरमेने एकनाथची मान वर होईना. वर्षभर पोटात ठेवलेलं त्याच्याच तोंडून बाहेर पडलं होतं. तरीही छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं.

"म्हणजे गाडी धड हाय, वयनी," तो डोळे पुसत म्हणाला. "हंसाताईला बिनघोर नेतो. पाणी मीच गादीवर सांडत होतो."

वहिनींनी मान हलवली.

"सांडत नाय, भाऊ. तुमी गेलात की मी रोज जाऊन गादीवरून हात फिरवते. ठणठणीत कोरडी असते."