बसायला जागा

नेऱ्याच्या आनंदाकाकांनी जुनी जपानी मोटरसायकल मला विकताना एकच गोष्ट सांगितली. "मागची सीट कापू नको, बाला. बसायला जागा ऱ्हाऊ दे."

पण मला तिची कॅफे रेसर करायची होती, जुन्या शर्यतीच्या गाडीसारखी; तिला एकाचीच सीट असते. पनवेलला मित्राच्या, दीपेशच्या गॅरेजमध्ये आम्ही मागची फ्रेम कापली आणि एकट्यापुरती सीट बसवली.

मी बसलो की मागचे शॉकअप फार दबायचे.

"वडापाव कमी कर," दीपेश म्हणाला.

मी भौतिकशास्त्र शिकलोय. स्वतःच्या वजनाचा हिशेब करून कडक स्प्रिंगा घातल्या. त्याही तेवढ्याच दबल्या.

आज दुपारी धाकट्या बहिणीचा, मनस्वीचा फोन आला. "दादा, क्लास सुटला. न्यायला ये ना."

मी चावी घेऊन गॅरेजच्या दारातल्या माझ्या स्कूटरपाशी गेलो.

मोटरसायकलच्या मागच्या चाकाशी वाकलेला दीपेश आतून ओरडला, "अरे, उतर की खाली! स्प्रिंग मोकळी होऊ दे."

"मी इथे आहे," मी म्हणालो.

त्याने मान वर केली. सीट रिकामी होती. आमच्या डोळ्यांदेखत दबलेल्या स्प्रिंगा सावकाश वर आल्या.

मग माझ्या शेजारी स्कूटरची मागची सीट हळूच खाली दबली, आणि तशीच राहिली.