तेरावं भोक

सोलर पॅनेल बसून आठच दिवस झाले आणि अवकाळी पावसात सुधाकाकू भोंड्यांचं देवघर गळलं. फिटर अन्वरचा परवाना रद्द व्हावा असा अर्ज त्या लिहूनच बसल्या होत्या. अन्वरने छताकडे बोट दाखवलं.

“काकू, आधी स्लॅबला तर विचारा.”

नव्या सिमेंटच्या स्लॅबला प्रत्येक भोक आठवतं. वरून शांत आवाज आला, “फिटरची बारा भोकं सीलबंद. तेरावं उघडं. परवा दुपारी, वाळवणाच्या जाळीच्या हुकासाठी. ड्रिल घरमालकांचं.”

काका चष्मा पुसू लागले.

“अहो, जाळी नुसती बांधली म्हणालात ना?”

“बांधायलाही काहीतरी लागतंच की.”

काकूंनी चांगला कागद वाया घालवला नाही. अन्वरचं नाव खोडून नवऱ्याचं लिहिलं, ‘परवाना रद्द’ खोडून ‘ड्रिल जप्त’, आणि सहीसाठी कागद काकांपुढेच सरकवला.