फुकट वाचणारे

मृदुला केंकरे गच्चीवरच्या बागेबद्दल दर आठवड्याला हजारो वाचकांना फुकट ईमेल पाठवायची आणि त्यातूनच आपलं खतही विकायची. या महिन्यात मात्र त्यातले निम्मेअधिक लोक अचानक तिचं खत विकत घेऊ लागले. का, ते तिला साताऱ्याच्या इंदुताईंच्या फोनमुळे कळलं.

"तुमची ईमेल उघडली आणि आमचे हे बोलायला लागले हो," त्या रडत म्हणाल्या. "जाऊन वर्ष झालं त्यांना. खत घे म्हणाले, मी घेतलं."

मृदुलाने विक्री सांभाळणाऱ्या कंपनीच्या निशिकांतला जाब विचारला.

"लोकांच्या फोनमधल्या जुन्या रेकॉर्डिंगवरून आमची यंत्रणा आवाज तयार करते," तो म्हणाला. "आपल्या माणसाला कोणी नाही म्हणत नाही, मॅडम."

"मी आजच सगळ्यांना खरं काय ते कळवते."

"धंदा बसेल तुमचा."

"बसू दे."

तिने पत्र लिहिलं. ती ते पाठवणार, तोच लॅपटॉपमधून तिचे वारलेले बाबा बोलले, "मृदू, बाळा, नको पाठवूस."

डोळे मिटून तिने बाबांना पुन्हा एकदा बोलू दिलं. मग डोळे पुसले आणि पत्र सगळ्यांना पाठवून दिलं.